फुकटच्या घराचा हिशेब



मुंबईच्या गिरगांव, परळ, लालबाग या भागांतून आज कोणी फेरफटका मारला, तर दोन गोष्टी सहज नजरेस पडतात. एकीकडे लाकडी जिन्याच्या व सामाईक गॅलरीच्या तीन-चार मजली चाळी टेकूंच्या आधारानें उभ्या आहेत. आणि त्यांच्या शेजारींच तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे वर चढत आहेत. या चाळींतील कुटुंबांस अशा मनोऱ्यांत मालकीचें घर फुकट मिळणार, असें सांगण्यांत येतें. कित्येकांस तें मिळालेंहि आहे. तेव्हां विचारी माणसाच्या मनांत सहजच एक प्रश्न उभा राहतो. ज्या शहरांत एका खोलीची किंमत सामान्य नोकरदाराच्या जन्मभराच्या मिळकतीस भारी पडते, त्या शहरांत कोणी कोणाला घर फुकट देतो, हें घडतें तरी कसें? या घराचे पैसे अखेर कोण भरतो? आजच्या भाषणांत या एकाच प्रश्नाचा उलगडा करण्याचा माझा विचार आहे. कारण आपल्यांपैकीं पुष्कळांवर आज ना उद्यां अशा एखाद्या करारावर सही करण्याची वेळ येणार आहे.

प्रथम या इमारतींस अशी दशा कां आली तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरण्या निघाल्या, कामासाठीं कोंकणांतून व देशावरून माणसें आलीं, आणि त्यांच्यासाठीं मालकांनीं दाटीवाटीच्या चाळी बांधल्या. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां या दाटीचे भयंकर परिणाम सरकारच्या ध्यानीं आले, व १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० सालीं सरकारनें स्वतंत्र डेव्हलपमेंट खातें काढून वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें २०७ चाळी उठविल्या. त्याच आजच्या बी. डी. डी. चाळी. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे जुनें पाडून नवें उभारणें ही मुंबईला नवी गोष्ट नव्हे.

नवें आहे तें पैशाचें गणित. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या इमारतींचीं भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. युद्धोत्तर महागाईंत भाडेकरूस या कायद्यानें मोठा आधार दिला, हें निर्विवाद आहे. परंतु चुना, लाकूड, मजुरी यांचे भाव चढत गेले आणि भाडें जेथल्या तेथें राहिलें. मालकास दुरुस्ती परवडेना. भाडेकरू तर जागा सोडीना, आणि सोडलीच तर पागडी घेऊन. या पागडीच्या व्यवहारास १९९९ च्या कायद्यानें उघड मान्यता दिली. अशा रीतीनें, भाडें घेणारा आहे पण घर सांभाळणारा कोणी नाहीं, अशी हजारों घरें झालीं. शेवटीं १९६९ सालीं कायदा करून या इमारतींवर उपकर बसविण्यांत आला व त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे आली. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत अशा सुमारें १९,६०० इमारती तेव्हां मोजण्यांत आल्या. परंतु डागडुजीनें मोडकळीस आलेली इमारत किती दिवस उभी राहणार? दर पावसाळ्यांत त्यांपैकीं एखादी कोसळते आणि माणसें दगावतात. तेव्हां पुनर्विकास नको असें म्हणण्याची सोय कोणासच राहिलेली नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करतां येईल, याचें माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. व्यवहारांत याला सर्वजण एफ. एस. आय. म्हणतात. भूखंड दहा हजार चौरस फुटांचा व निर्देशांक एक असेल, तर सर्व मजल्यांचें मिळून दहा हजार फूट बांधकाम करतां येईल. निर्देशांक तीन असेल तर तीस हजार. १९९१ च्या नियमावलींत मुंबई शहरासाठीं हें माप सामान्यतः १·३३ होतें व उपनगरांसाठीं १. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास मात्र नियम ३३ (७) प्रमाणें वाढीव माप मिळतें. सध्यांच्या विकास नियंत्रण नियमावलींत तें ३ आहे, आणि जुन्या प्रत्येक निवासी भाडेकरूस किमान ३०० चौरस फूट कार्पेट क्षेत्राचें घर दिलेंच पाहिजे, अशी अट आहे.

शाळेंतल्या फळ्यावर मांडावा तसा हा हिशेब आपण मांडून पाहूं. भिंती, जिने इत्यादींची जागा तूर्त सोडून देऊं. दहा हजार फुटांच्या भूखंडावर ६० बिऱ्हाडांची चाळ आहे असें समजा. प्रत्येकास ३०० फूट द्यावयाचे म्हणजे १८,००० फूट लागले. जुन्या १·३३ या मापानें बांधकामच १३,३०० फूट होतें. म्हणजे भाडेकरूंचींसुद्धां घरें त्यांत बसत नाहींत. माप ३ धरल्यास बांधकाम ३०,००० फूट होतें. त्यांतून १८,००० वजा जातां १२,००० फूट उरले. हे उरलेले १२,००० फूट बाजारभावानें विकून बिल्डरानें सगळ्या ३०,००० फुटांचा बांधकाम खर्च, मालकाचा मोबदला, भाडेकरूंचें मधल्या काळांतील घरभाडें, सरकारी शुल्कें, कर्जाचें व्याज आणि स्वतःचा नफा, इतकें सर्व काढावयाचें असतें. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फुटाच्या पाठीवर अडीच फुटांच्या बांधकामाचें ओझें आहे, हें ध्यानांत ठेवा.

समजा, त्याच भूखंडावर ६० ऐवजीं १०० बिऱ्हाडें आहेत. मग सगळे ३०,००० फूट त्यांच्यांतच संपले. विकण्यास कांहींच उरलें नाहीं. अशा ठिकाणीं कोणी हात घालणार नाहीं, म्हणून नियमांत दुसरी वाट ठेवलेली आहे. पुनर्वसनास जितकें क्षेत्र लागेल तितकें, आणि त्यावर एका भूखंडाच्या योजनेस ५० टक्के उत्तेजनार्थ क्षेत्र, असें मिळून तिप्पटीहून जास्त होत असल्यास तेंच लागू होतें. आपल्या उदाहरणांत ३०,००० व १५,००० मिळून ४५,००० फूट झाले, म्हणजे भूखंडाच्या साडेचारपट. याचा अर्थ असा कीं, जेथें आधींच दाटी जास्त, तेथें उंचीहि जास्त आणि पुढली दाटीहि जास्त. रस्ता मात्र पूर्वीं होता तेवढाच रुंद. गटार व जलवाहिनीहि तीच.

यावर उपाय म्हणून अनेक इमारती एकत्र घेऊन समूह पुनर्विकास करण्याची तरतूद नियम ३३ (९) मध्यें आहे. शहर भागांत त्यासाठीं किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. भेंडीबाजारांतील योजना हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. २००९ मध्यें स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेनें सुमारें साडेसोळा एकरांतील अडीचशेंच्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबें व १,२५० दुकानें यांचा एकत्र विचार केला. यामुळें रस्ते रुंद करतां येतात, मोकळी जागा ठेवतां येते. परंतु इतक्या लोकांची संमति मिळविणें व त्यांना दुसरीकडे ठेवणें हें अतिशय चिकाटीचें काम आहे. याच भागांतील एक जुनी इमारत ऑगस्ट २०१७ मध्यें कोसळून तीसहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. विलंबाचीहि एक किंमत असते, ती ही.

आतां आपल्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. फुकटच्या घराचे पैसे पहिल्यानें भरतो तो वरच्या मजल्यावर घर विकत घेणारा नवा शेजारी. तो चढा भाव देण्यास तयार असेल, तरच हा सारा डोलारा उभा राहतो. लालबाग-परळसारख्या कामगारवस्तींत असा ग्राहक येऊं लागला याला कारण आहे. जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची पडझड झाली. १९९१ च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग महापालिकेस व एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं देण्याची जी योजना होती, ती २००१ च्या दुरुस्तीनें केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल व मनोरे आले, आणि भोंवतालच्या चाळींखालील जमिनीसहि सोन्याचा भाव आला.

दुसऱ्यानें पैसे भरतो तो भाडेकरू स्वतः, आणि तो धोक्याच्या रूपानें. नव्या घरांची विक्री थांबली कीं काम थांबतें. काम थांबलें कीं मधल्या काळाचें भाडें थांबतें. आणि जुनें घर तर पाडलेलें असतें. गोरेगांवच्या सिद्धार्थनगरांत, म्हणजे पत्राचाळींत, ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ सालीं झाला. काम रखडल्यामुळें २०१८ सालीं म्हाडानें तें विकासकाकडून काढून आपल्या ताब्यांत घेतलें. दहा वर्षें लोटलीं तरी घराची किल्ली हातीं नव्हती! सरकारनें स्वतः अंगावर घेतलेल्या कामासहि वेळ लागतोच. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाची पायाभरणी २०१७ सालीं झाली, आणि १६० फुटांच्या खोलीऐवजीं ५०० फुटांचें घर ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं आलें. तेथें सरकारी संस्था पाठीशीं होती, एवढाच फरक. परंतु हा फरक लहान नव्हे.

तिसरी किंमत नव्या घरांत गेल्यावर दर महिन्यास द्यावी लागते. चाळीचें भाडें अगदीं नाममात्र असे. मनोऱ्यांत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशामक यंत्रणा, पहारेकरी, सामाईक दिवे या सर्वांचा खर्च वांटून घ्यावा लागतो. नियम ३३ (७) खालीं दहा वर्षांच्या देखभालीसाठीं निधि ठेवण्याची तरतूद आहे. पण अकराव्या वर्षाचें काय? निवृत्तिवेतनावर किंवा मुलाच्या तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च झेपला नाहीं, तर तें कुटुंब घर विकून बदलापूर-विरारकडे जातें. कागदोपत्रीं त्याचें पुनर्वसन झालेलें असतें. वस्तींतून मात्र तें उठलेलें असतें.

म्हणून सही करण्यापूर्वीं गृहस्थानें काय पाहावें? घराचें क्षेत्र करारांत कार्पेट मापानेंच व आंकड्यांत लिहिलेलें असावें. मधल्या काळाचें भाडें किती, किती महिन्यांचें आगाऊ, आणि काम लांबल्यास तें वाढणार कसें, हें स्पष्ट असावें. काम पुरें करण्याची तारीख व ती चुकल्यास दंड नमूद असावा. देखभाल निधि किती, तो कोणाच्या नांवें, आणि त्याच्या व्याजांत मासिक खर्च भागतो कीं नाहीं, याचा हिशेब ताब्यापूर्वीं मागावा. करार नोंदविलेला असावा, आणि आपला वकील व आपला वास्तुविशारद बिल्डरानें दिलेला नसावा. त्याची फी जड वाटली तरी आपणच द्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीं सरकारनें २००९ सालीं काढलेले व जुलै २०१९ मध्यें सुधारलेले निर्देश आहेत. त्यांत ५१ टक्के सभासदांची संमति, सभेचें चित्रीकरण, आणि प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी या गोष्टी सांगितल्या आहेत. ही हमी म्हणजे पावसाळ्यांतली छत्री. ऊन आहे म्हणून ती घरीं ठेवूं नये. २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आलेला स्थावर संपदा कायदा मुख्यतः विकत घेणाऱ्याच्या रक्षणासाठीं आहे. जुन्या रहिवाशाचें खरें कवच त्याचा स्वतःचा करारच होय.

राहतां राहिली ती आंकड्यांत न बसणारी गोष्ट. १८९३ सालीं मुंबईंत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत. आजाऱ्यास औषध आणून देणें, शेजारचें मूल सांभाळणें, लग्नाचा मांडव घालणें, हें सर्व गॅलरीनें घडविलें. चाळींतील सामाईक संडास, अंधार व गळतें छप्पर यांचें मी कौतुक करणार नाहीं. ज्यानें तीं सोसलीं त्यासच त्यांचा त्रास ठाऊक. परंतु नकाशा ठरत असतांना, सर्वांनीं एकत्र बसावें अशी एक जागा, मुलांसाठीं एक अंगण, आणि जुन्या-नव्या रहिवाशांस एकच दरवाजा, इतकें मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तें मागावयाचें तें सहीच्या आधीं. सही झाल्यावर मागणें म्हणजे नुसती विनवणी.

नवें घर अवश्य घ्यावें. मात्र तें कोणी कृपा म्हणून देत नाहीं. आपल्या पायांखालच्या जमिनीचें व आपल्या संमतीचें तें मोल आहे. आणि मोल करावयाचें म्हणजे हिशेब येणें प्राप्तच आहे.