काळ्या दारूचं काडतूस

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमला घडलेल्या बऱ्याच दुनळी बंदुकांच्या नळ्यांवर बारीक वळ्यांची नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकत एकजीव केलेली ही दमास्कस नळी. ती काळ्या दारूसाठी घडवलेली. ब्रिटन-अमेरिकेतले हौशी आजही तिच्यासाठी काडतुसं हातानं भरतात. या कामाची सगळी शिस्त एकाच तत्त्वावर उभी आहे: नळी ज्या दारूसाठी घडली, तीच दारू तिला द्यायची.

काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ही दारू मापट्यानं मोजत, ड्रॅममध्ये. बारा बोअरच्या बंदुकीत 3 ड्रॅम, म्हणजे सुमारे 5.3 ग्रॅम दारू आणि एक ते सव्वा औंस छर्रे, हा त्या काळचा रूढ बार.

सर्वांत मोठा धोका या मापट्यातच आहे. सुरुवातीच्या काही बिनधुराच्या दारू मुद्दाम काळ्या दारूच्याच आकारमानानं भरता येतील अशा बनवल्या होत्या. आजची बिनधुराची दारू तशी नाही. थोडक्या जागेत तिची ताकद कितीतरी जास्त. तेच मापटं तिनं भरलं तर नळी फुटते, आणि बहुधा आधार देणाऱ्या डाव्या हाताजवळच. अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर आजही ड्रॅमचा आकडा छापतात, पण तो छर्ऱ्यांच्या वेगाचा अंदाज सांगतो. आत किती दारू भरायची, हे नव्हे.

म्हणून पहिलं काम बंदूक तपासण्याचं. बर्मिंगहॅमचं नळी-परीक्षागृह 1813 च्या कायद्यानं उभं राहिलं. तिथं नेहमीपेक्षा भारी बार उडवून नळी पारखत आणि मगच शिक्का उठवत. पण शिक्का त्या दिवसापुरतं बोलतो. नंतरच्या शंभर वर्षांत नळी गंजली असेल, घासून पातळ झाली असेल. तिची जाडी आणि काडतुसाच्या घराची लांबी जाणत्या कारागिरानंच मोजावी. जुनी घरं बहुधा अडीच इंची, आजची काडतुसं पावणेतीन इंची. लांब काडतूस आखूड घरात शिरतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

मग भरणं. तळाला टोपी, वर मापलेली दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याचं बूच, छर्रे आणि वरची चकती. दारू आणि चकती यांच्यात पोकळी राहू द्यायची नाही; बूच हलक्या, एकसारख्या दाबानं बसवायचं. टेबलावर एका वेळी एकच दारू, बाकीचे डबे बंद. विडी, दिवा, शेगडी खोलीबाहेर. बाराचं प्रमाण छापील, पारखलेल्या कोष्टकातलंच घ्यायचं. भारतात तर बंदूक, दारू आणि काडतूस भरणं ही सगळी कायद्याच्या कक्षेतली कामं आहेत. परवान्याशिवाय त्यांना हात लावू नये.

बार उडाला तरी काम संपत नाही. जळल्यावर उरलेली राख हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाते. ती पाण्यात विरघळते, म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून तेल द्यायचं. हे सगळं वेळखाऊ आहे, आणि तसंच असायला हवं. ज्याला एवढा वेळ नाही, किंवा नळीबद्दल जराही शंका आहे, त्यानं ती बंदूक उडवू नये, निगुतीनं जपावी.