घाट चढताना काटा चढू नये म्हणून…

राजूर घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पिकअप, चाकामागे दगड, समोर वाफेचा ढग. मोताळ्याहून एसटीने बुलढाण्याला कॉलेजला येणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. खिडकीतून बघत आपण म्हणतो, "जुनी गाडी आहे भाऊ, तापणारच!"

खरंच तापणारच का? सुट्टीत घरच्या गाडीचं स्टिअरिंग तुमच्याही हातात येतं. ऐन हंगामात खताच्या गोण्या भरलेल्या असताना हेड गॅस्केट उडालं, तर गाडी गॅरेजला आणि भाडं दुसऱ्याला. म्हणून हे समजून घ्यायलाच हवं.

बर्फातही इंजिन तापतं!

थंड देशांत ट्रकपुढे लोखंडी पातं लावून रस्त्यावरचा बर्फ ढकलतात. बाहेर शून्याखाली तापमान, तरी जुन्या ट्रकचं इंजिन तापतं. कारण उचललेलं पातं रेडिएटरसमोरची हवा अडवतं. त्यात वेग कमी आणि जोर जास्त. आपल्या घाटाचं गणितही तेच आहे. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, समोरून वारा मिळत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने राबतं. म्हणजे दोष फक्त उन्हाचा नाही. उष्णता बाहेर पडायला वाट हवी.

आधी हवा, मग पाणी

गाडी तापली की आपण आधी पाणी बघतो. निघण्यापूर्वी हवाही बघा. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा, कापसाची तूस, धूळ आणि किडे अडकलेले असतात. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारा. जोरात मारलं तर पातळ पत्र्या वाकतात. समोर लावलेला शोभेचा बोर्ड, जादा लाइट काढून ठेवा. ते आपल्या गाडीचं बर्फाचं पातंच आहे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं तुटलं असेल तर बदला. इंजिन बंद असताना फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक, लोंबत असेल तर ताणून घ्या.

आता पाणी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की आतून क्षार बसतात, गंज चढतो आणि नळ्या चोंदतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. होज पाइप दाबून बघा. भेगा पडल्या असतील किंवा फार मऊ झाला असेल तर बदलून टाका. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही तपासा. दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही, आणि तो दाब हे झाकण धरून ठेवतं.

'थर्मोस्टॅट काढून टाक' हा सल्लाही मिळेल. पण त्याने इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जातं. खराब असेल तर नवा बसवा.

घाटात काय करायचं?

चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवलं की फॅन आणि पाण्याचा पंप, दोन्ही हळू फिरतात. एसी असेल तर बंद करा. माल मर्यादेतच भरा. चार गोण्या जास्त घेऊन गॅस्केटचा खर्च निघत नाही.

काटा वर सरकू लागला की पुढच्या वळणाची वाट बघू नका. सुरक्षित जागी थांबा, चाकाला दगड लावा. वाफ नसेल तर इंजिन थोडा वेळ रिकामं चालू ठेवा, फॅन उष्णता काढतो. वाफ येत असेल किंवा काटा लालवर असेल तर लगेच बंद करा. एक लक्षात ठेवा, पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीच दिसू शकतो. त्यामुळे काट्यासोबत वास आणि आवाजाकडेही लक्ष हवं.

झाकणाला हात नको

सगळ्यात महत्त्वाचं हे. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. गाडीपेक्षा चेहरा महाग आहे. किमान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं धरून झाकण थोडंच फिरवा, दाब जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

घरी आल्यावर डिपस्टिक काढून बघा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी तेलात गेलं आहे. गाडी पुन्हा चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची. रविवारी सकाळी बाबांसोबत बॉनेट उघडून उभे राहा. मग घाटात बॉनेट उघडून उभं राहायची पाळी सहसा येणार नाही.