वाचनखुणांचे प्रकाशन : जुन्नर-आंबेगावच्या अभ्यासकांसाठी एक साधन

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची भाषा वा इतिहास यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज साधनांचा तुटवडा ही मुख्य अडचण राहिलेली नाही. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेली जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांची वाचने, नाणेघाटातील लेखांचे ब्यूलरकृत व १८८३ साली छापले गेलेले वाचन, पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे १८८५ चे भाग, मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक १९०५ चा खंड ही सर्व सामग्री आता घरबसल्या वाचावयास मिळते. डेक्कन कॉलेजने अलीकडे केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षणही इंटरनेटवर उपलब्ध आहे. अडचण आहे ती निराळीच. ही साधने कोठे आहेत, त्यांतील कोणती प्रत वाचनीय आहे आणि हव्या त्या लेखाचे पान कोणते, हे ज्याने एकदा शोधून काढले त्याच्यापाशीच ते ज्ञान राहते. ते त्याच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये, वाचनखुणांच्या यादीत बंद असते. ही यादी स्वतःच्या संकेतस्थळावर मांडणाऱ्या साधनाचे कार्य कसे चालते, आणि त्याच्या मर्यादा कोठे सुरू होतात, याचे थोडक्यात विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वाचनखूण, म्हणजे ज्यास आपण सर्रास ‘बुकमार्क’ म्हणतो ती वस्तू, कशाची बनलेली असते ते पाहू. तिचे घटक चार : पृष्ठाचे नाव, पृष्ठाचा पत्ता, ती खूण केल्याचा क्षण आणि ती ज्या फोल्डरमध्ये ठेवली त्याचे स्थान. प्रत्येक ब्राउझर या गोष्टी आपापल्या रीतीने साठवितो; परंतु बाहेर काढून देताना मात्र बहुतेक सर्व ब्राउझर एकच जुना साचा वापरतात. १९९४ साली अवतरलेल्या नेटस्केप या ब्राउझरचा तो साचा होय. नेटस्केप कधीच अस्तंगत झाला, पण क्रोम, फायरफॉक्स, सफारी व एज हे सर्व आजही त्याच्याच घडणीची एचटीएमएल फाइल निर्माण करतात. प्रकाशनाच्या साधनास ही गोष्ट फार सोयीची आहे. ते ही फाइल वाचते, फोल्डरांची उतरंड ओळखते, त्यांतून निवडक भाग घेते आणि संकेतस्थळावर ठेवण्याजोगे साधे पृष्ठ तयार करते. अशा पृष्ठास सर्व्हरवर कोणताही माहितीकोश लागत नाही. ते एकदा चढविले की झाले; आणि खेड्यातील मंद जोडणीवरही ते त्वरित उघडते.

येथे असा प्रश्न संभवतो की, यासाठी स्वतःचे संकेतस्थळ कशाला हवे? वाचनखुणा सर्वांसमक्ष मांडण्याची सोय देणाऱ्या सेवा आहेतच. याचे उत्तर ‘डेलिशस’ या सेवेच्या इतिहासात सापडते. २००३ साली सुरू झालेली ही सेवा अशा सेवांमध्ये अत्यंत लोकप्रिय ठरली. २००५ मध्ये ती याहू कंपनीने घेतली. पुढे ती या हातातून त्या हातात जात राहिली आणि २०१७ मध्ये एका प्रतिस्पर्धी सेवेने ती विकत घेऊन तीत नवी भर घालणे बंद केले. संशोधकाचा संग्रह वीस-तीस वर्षे वाढत जावयाचा असतो. त्याचे आयुष्य एखाद्या कंपनीच्या आयुष्याशी बांधणे इष्ट नव्हे. स्वतःच्या संकेतस्थळासही खर्च व देखभाल आहे, हे खरे. तथापि मूळ फाइल आपल्याजवळ असल्याने ते एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेता येते.

आता साधनाच्या कार्यातील भाषाविषयक प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न पत्त्यांचा आहे. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता ब्राउझर जेव्हा बाहेर देतो तेव्हा तो रोमन चिन्हांत रूपांतरित झालेला असतो. ‘जुन्नर’ या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने सहा घटक आहेत : ज, उकार, न, हलन्तचिन्ह, न आणि र. यांतील प्रत्येकास तीन बाइट लागतात, आणि पत्त्यामध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व पुढील दोन चिन्हे अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे आपण तीन अक्षरांत उच्चारतो त्या नावास पत्त्यात ५४ चिन्हे लागतात. साधनाने असा पत्ता वाचकाच्या डोळ्यांसमोर पुन्हा देवनागरीत आणणे अवश्य आहे. नाहीतर मराठी दुवे तेवढे अगम्य आणि इंग्रजी दुवे तेवढे सुबोध, असा विचित्र प्रकार होतो.

दुसरा प्रश्न अनुक्रमाचा. संगणक अक्षरे त्यांच्या युनिकोड क्रमांकांनुसार लावतो, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठोपाठ, ‘व’ च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर आहे. त्यामुळे जुन्नर तालुक्यातील चाळकवाडी आणि आंबेगाव तालुक्यातील चास ही दोन नावे घेतली, तर संगणक चाळकवाडी आधी लावील, आणि मराठी वाचक ते चास नंतर शोधील. ‘क्षत्रप’ हा शब्द ‘क’ मध्ये लावावा की अखेरीस, हा तर कोशकारांचा जुना वाद आहे. साधनास मराठीचा अनुक्रम स्पष्टपणे सांगावा लागतो, आणि एकदा सांगितलेला अनुक्रम सर्व याद्यांत पाळावा लागतो.

तिसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’, ‘डोंगऱ्या’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ हा संयोग संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते भिन्न शब्द ठरतात. वाचकाने पृष्ठावर एका रीतीने शोध घेतला आणि नाव दुसऱ्या रीतीने लिहिलेले असले, तर समोर असलेला दुवाही सापडत नाही. प्रकाशनापूर्वी सर्व नावे एका रूपात आणणे हा यावरील सोपा उपाय आहे.

नावांच्या रूपभेदांचा प्रश्न मात्र यंत्राच्या आवाक्याबाहेरचा होय. जुन्या इंग्रजी ग्रंथांत नाणेघाटाचे नाव ‘नानाघाट’ असे पडले आहे. लेण्याद्रीच्या लेणीसमूहास ‘गणेश लेणी’ म्हटले आहे. स्थानिक विद्यार्थी मराठी नाव घेऊन शोधू लागला तर या ग्रंथांपर्यंत तो पोहोचेलच असे नाही. याकरिता पृष्ठाचे मिळालेले नाव जसेच्या तसे न ठेवता, त्याला आजचे मराठी नाव व ग्रंथातील नाव अशी दोन्ही जोडून देणे संग्राहकाचे काम आहे.

प्रकाशनात काय वगळावयाचे याचाही विचार केला पाहिजे. वाचनखुणांत खाजगी पत्रव्यवहाराचे, विद्यार्थ्यांच्या अप्रकाशित प्रबंधांचे आणि ‘ज्याच्याजवळ दुवा त्यास प्रवेश’ अशा तत्त्वावर उघडणाऱ्या कागदपत्रांचे पत्ते सहज मिसळलेले असतात. सर्व यादीतून नको ते काढीत बसण्यापेक्षा, प्रकाशनासाठी एक स्वतंत्र फोल्डर राखून साधनास केवळ तेवढाच वाचू देणे सुरक्षित होय. आपल्या संगणकातील फाइलींकडे नेणारे किंवा पृष्ठात आज्ञावली चालविणारे दुवे साधनाने आपण होऊन गाळले पाहिजेत.

खूण केल्याचा क्षण ही बाब वरवर क्षुल्लक वाटते, पण तिचे मोल संशोधनात मोठे आहे. बाहेर दिलेल्या फाइलीत तो १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांच्या संख्येत नोंदलेला असतो. १४०६६७८४०० ही संख्या घेतल्यास ती ३० जुलै २०१४ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच दर्शविते. त्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेसंबंधीचे एखादे पृष्ठ त्याच आठवड्यात जतन केलेले आहे की पुढे अनेक वर्षांनी, यावरून पुराव्याचे वजन बदलते. साधन जर ग्रीनिचच्या वेळेनेच तारीख छापत असेल, तर आपल्याकडे मध्यरात्र ते साडेपाच या अवधीत केलेल्या खुणांवर आदल्या दिवसाची तारीख पडेल.

आता सर्वांत गंभीर अडचण. पत्ते मरतात. प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. माळीणसंबंधीच्या त्या काळच्या बातम्यांची व छायाचित्रांची पृष्ठेही या नियमास अपवाद असण्याचे कारण नाही. साधन मृत पत्ते तपासून दाखवू शकते. २००१ पासून सर्वांस खुल्या असलेल्या ‘वेबॅक मशीन’ या संग्रहातील जुन्या प्रतीचा पत्ता शेजारी देऊ शकते. खूण करतानाच पृष्ठाची प्रत त्या संग्रहात ठेवविणे हा तर उत्तम मार्ग. परंतु प्रत्येक पृष्ठाची प्रत तेथे असतेच असे नाही.

अशा वेळी मागे काय उरते? उरते ते संग्राहकाने लिहिलेले टिपण. नेटस्केपच्या साच्यात प्रत्येक दुव्याखाली वर्णनाची जागा होती. क्रोममध्ये ती नाही; फायरफॉक्सनेही २०१८ मध्ये ती काढून टाकली. म्हणजे संशोधकास जी जागा सर्वांत अधिक हवी, तीच आजच्या ब्राउझरांत उरलेली नाही. म्हणून टिपणे एका वेगळ्या साध्या फाइलीत, पत्त्यासमोर एक याप्रमाणे लिहून ठेवावीत आणि साधनाने ती पृष्ठ तयार करताना दुव्यांस जोडावीत. टिपण लांब असण्याचे कारण नाही. ‘मानमोडी येथील, नहपानाचा अमात्य अयम याच्या दानलेखाचे वाचन, वर्ष ४६ चा उल्लेख, अमुक पान, अमुक चित्रफलक’ एवढे पुरे. केवळ पत्ता दिला तर वाचक शेकडो पानांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठापाशी पोहोचतो; टिपण त्यास नेमक्या ओळीपाशी नेते. आणि पत्ता उद्या नाहीसा झाला, तरी त्या टिपणावरून दुसरी प्रत शोधता येते.

आंबेगाव तालुक्यास ज्या गावावरून नाव मिळाले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. तालुक्याचे ठाणे घोडेगाव येथे आहे, नाव मात्र आंबेगावचेच चालते. तेथे कोणती आळी कोठे होती, देऊळ कोणत्या बाजूस होते, हे त्या नावावरून कळत नाही; ज्यांनी ते पाहिले व सांगून ठेवले त्यांच्याकडूनच कळते. वाचनखुणांचीही गोष्ट हीच आहे. नाव व पत्ता यंत्र एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊ शकते. तो पत्ता आपण का जपला, त्यात काय आढळले व ते कितपत विश्वसनीय वाटले, हे ज्याने वाचले त्यालाच लिहावे लागते. विभागातील अध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी अशा याद्या टिपणांसह प्रसिद्ध केल्या, तर जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या विद्यार्थ्यास आपल्याच परिसराच्या साधनांचा शोध पुन्हा आरंभापासून घ्यावा लागणार नाही.