हाड जिवंत, कूर्चेला रक्त नाही

अस्थी गोळा करताना त्या बोटांत सहज चुरतात. हाड म्हणजे चुनखडीसारखा निर्जीव, ठिसूळ पदार्थ, हा समज बहुधा तिथूनच पक्का होतो. पण चितेत हाडातलं कोलॅजन हे प्रथिन जळून गेलेलं असतं. हाती येतं ते नुसतं खनिज. याच्या उलट प्रयोग घरी करता येतो. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे एकदा व्हिनेगर बदला. खनिज विरघळतं, कोलॅजन मागे राहतं आणि हाड चक्क वाकतं. दाब सोसायचा खनिजाने, ताण सोसायचा कोलॅजनने, अशी ही वाटणी आहे.

आणि हाड जिवंत असतं. त्याच्या टणक भागातही बारीक नलिका असतात आणि त्यांतून रक्तवाहिन्या जातात. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्लिश डॉक्टरांनी 1691 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हॅवर्सच्या नलिका म्हणतात. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा नव्याने घडतो. म्हणूनच मोडलेलं हाड जुळतं. प्लास्टर ते जोडत नाही, फक्त हलू देत नाही. जोडकाम आतल्या पेशीच करतात.

‘रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलंय, म्हणजे हाडं ठणठणीत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि यातूनच सर्वांत जास्त फसगत होते. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातलं अगदी थोडं, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर चालते, म्हणून त्याची पातळी ढळू देणं शरीराला परवडत नाही. ती घसरू लागली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून ती भरून काढतं. हाडं पोकळ होत असतानाही रक्ताचा आकडा चांगला दिसू शकतो. हाडांची घनता कळायला डेक्सा तपासणी लागते. पाळी गेलेल्या स्त्रियांनी तर याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

सांध्यातली कूर्चा (कार्टिलेज) मात्र वेगळ्याच जातीची. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. रक्त नाही म्हणून तिची जखम नीट भरत नाही. मज्जातंतू नाहीत म्हणून झीज सुरू झालेली कळत नाही. गुडघा दुखतो तो कूर्चेखालच्या हाडामुळे आणि सांध्याच्या अस्तरामुळे. ‘वंगण संपलं’ असं आपण म्हणतो, पण झिजलेल्या गुडघ्यात अनेकदा उलट पाणी साठून सूज येते. संपत चाललेली असते ती काही मिलिमीटर जाडीची कूर्चा.

मग चालणं बंद करावं का? अजिबात नाही. पाऊल टेकलं की कूर्चेतलं पाणी दाबाने बाहेर जातं, उचललं की स्पंजासारखं परत आत येतं, आणि सांध्यातल्या द्रवातलं पोषण पेशींपर्यंत पोचायला त्याची मदत होते. गुडघ्याच्या भीतीने खुर्चीला खिळलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू सुकतात आणि सांध्यावरचा भार आणखी वाढतो. दुखणं सोसेल एवढं चालणं आणि मांडीचे व्यायाम हेच खरं औषध आहे. गुडघ्यांसाठी म्हणून पितात ते पायाचं सूप चवीने प्यावं, पण त्यातलं कोलॅजन आतड्यात तुटून पचतं. ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही.

‘मणक्यात गॅप आलाय’ हेही उलटंच आहे. दोन मणक्यांमधली चकती पाणी गमावून चपटी होते, म्हणजे अंतर वाढत नाही, कमी होतं. थोड्या प्रमाणात हे निरोगी पाठीतही रोज घडतं: दिवसभरात चकत्या दबतात, रात्री आडवं झाल्यावर पुन्हा पाणी शोषतात. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने जास्त भरते.