भावांचा आलेख आणि उद्याचे अनुमान

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. शुद्ध लोखंड सुमारे १,५३८ अंश सेल्सिअस तापमानास वितळते, हे तेथील तंत्रज्ञ निश्चयाने सांगू शकतो. आणि त्याने तसे सांगितल्यामुळे लोखंडाचा वितळबिंदू बदलत नाही. परंतु ज्या कंपनीच्या मालकीचा हा कारखाना आहे, तिच्या शेअरचा उद्याचा भाव तितक्याच निश्चयाने सांगता येईल काय?

समजा, भिलाईच्या हुडको वसाहतीतील एका कामगाराने निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी शेअरांत गुंतविण्याचे योजिले. एक सल्लागार भावांचा आलेख पुढे ठेवून त्यास सांगतो, की भावाने अमुक पातळी ओलांडली असून आता तो चढतच जाईल. मागील भाव व उलाढाल यांच्या आकृतींवरून पुढील भाव ताडण्याच्या या पद्धतीस तांत्रिक विश्लेषण म्हणतात. आयुष्याची कमाई तिच्यावर सोपविण्यापूर्वी ती पारखून घेणे अगत्याचे आहे.

१९५३ साली मॉरिस केंडॉल या संख्याशास्त्रज्ञाने ब्रिटिश शेअरांचे निर्देशांक, शिकागोचा गहू व न्यूयॉर्कचा कापूस यांच्या भावांचा अभ्यास केला. आठवड्याआठवड्याच्या चढउतारांत पुढील भाव सांगण्यास उपयोगी पडेल असा नियम त्यास जवळजवळ आढळला नाही. १९५९ साली हॅरी रॉबर्ट्स याने केवळ यदृच्छेने निवडलेल्या संख्यांपासून आलेख काढून दाखविला. तो हुबेहूब शेअरबाजाराच्या आलेखासारखा दिसत होता! तात्पर्य, आकृती दिसली म्हणजे तिच्यामागे कारण असतेच असे नाही.

असे का व्हावे? उद्या भाव चढणार असे सर्वांस पटले, तर लोक आजच खरेदी करतात आणि भाव आजच चढतो. येथे भाकीत हेच भावाचा एक घटक बनते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानोत्तर अंदाजांवर विसंबून ३ जून रोजी मुंबईचा सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला. दुसऱ्याच दिवशी निकाल त्या अंदाजांहून वेगळे दिसताच तो सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. जी वार्ता अद्याप घडलेलीच नाही, ती मागील आलेखात कोठून सापडणार?

तरीही काहींची भाकिते खरी ठरतात, त्याचे काय? १,०२४ जणांनी नाणे उडवून चढ किंवा उतार सांगितला, तर पहिल्या खेपेस सुमारे निम्मे बरोबर ठरतील, दुसऱ्या खेपेस त्यांतील निम्मे. याप्रमाणे दहा खेपांनंतरही सरासरीने एकजण अचूक उरेल. जग त्यास तज्ज्ञ म्हणेल. उरलेले १,०२३ कोणाच्या ध्यानातही राहणार नाहीत.

याची कसोटी आल्फ्रेड कौल्स याने १९३३ साली प्रसिद्ध केली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे संपादक विल्यम हॅमिल्टन यांनी सुमारे २६ वर्षांत बाजाराविषयी ९० वेळा मत बदलले होते. त्यांपैकी ४५ भाकिते यशस्वी झाली व ४५ फसली. त्यांच्या सल्ल्याने वर्षास सुमारे १२ टक्के लाभ झाला असता. शेअर केवळ बाळगून ठेवणाऱ्यास १५.५ टक्के मिळाले असते.

भाव काही महिने एकाच दिशेने रेंगाळतात, असे पुढील काही संशोधनांत आढळले आहे. परंतु असा कल अवचित उलटतो, आणि वारंवारच्या खरेदीविक्रीतील दलाली व कर लाभ कुरतडतात. भावांवर अल्पमुदतीच्या पैजा लावण्याचा परिणाम भारतातही दिसला आहे. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदा व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी सुमारे ९३ टक्के लोकांस तोटा झाला.

म्हणून आलेख निरुपयोगी ठरतो काय? तसे नाही. भाव किती हेलकावे खातो, हे तो प्रामाणिकपणे दाखवितो. पुंजी निम्मी झाली, तर ती पूर्ववत होण्यास उरलेली रक्कम दुप्पट व्हावी लागते, हे साधे गणित त्यावरून उमगावे. त्या कामगाराने नजीकच्या गरजेचा पैसा बाजारापासून दूर ठेवणे, उरलेला अनेक उद्योगांत विभागणे आणि खर्च कमी राखणे हे त्याच्या हाती आहे. उद्याचा भाव कोणाच्याच हाती नाही. जे जाणता येते व जे जाणता येत नाही, त्यांतील सीमा ओळखणे हीच शास्त्रीय दृष्टी होय.