लेबलावरील बारीक अक्षरे आणि जुन्नरचा द्राक्ष बागायतदार

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, कुकडी प्रकल्पाचे पाणी कालव्यांतून फिरू लागले, आणि जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागातील बाजरीच्या रानांचे रूप पालटले. पाण्यामागोमाग द्राक्षांचे मांडव आले. नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइनचा कारखाना उभारला आणि तेथील 'ओमर खय्याम' परदेशी बाजारात जाऊन पोहोचली. हा इतिहास या भागात अभिमानाने सांगितला जातो, आणि तो तसा सांगण्याजोगा आहेही. मात्र त्या कंपनीच्या मूळ नावातच 'शॅम्पेन' हा शब्द होता. शॅम्पेन हे फ्रान्समधील एका प्रदेशाचे नाव आहे. भौगोलिक निर्देशनाचा 1999 चा कायदा येण्यापूर्वी आपल्याकडे त्याची फारशी फिकीर कोणी केली नाही. पुढे कंपनीनेही नाव बदलले. 'पोर्ट' या शब्दाचीही तीच कथा. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील त्या वाइनशी आपल्याकडे याच नावाने खपणाऱ्या स्वस्त, गोड वाइनचे नाते बहुधा नावापुरतेच असते.

वाइन प्यावी की पिऊ नये, हा या लेखाचा विषय नव्हे. विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळते काय, एवढाच प्रश्न येथे आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाची प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. वाइनच्या बाबतीत हे अज्ञान अधिकच गहिरे, कारण बाटली उघडून चाखल्यावरही सामान्य ग्राहकाची खात्री पटत नाही. 2008 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 5 डॉलरची वाइन 45 डॉलरची म्हणून लोकांना दिली, तेव्हा तीच वाइन त्यांना अधिक रुचली. जिभेवर किमतीचा अंमल असा चालत असेल, तर विक्रेत्याचे काम किती सोपे होते!

प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी एका स्नेह्यास भेट देण्यासाठी पुण्यातील एका दुकानातून बाटली घेतली. "इटलीची आहे सर, सणानिमित्त वीस टक्के सूट," असे विक्रेत्याने सांगितले. नाव इटालियन, चित्रही तिकडच्याच टेकड्यांचे. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा परदेशातून आणलेली वाइन येथील वाइनमध्ये मिसळून येथेच बाटलीत भरल्याचे उमगले. आणि 'सूट' वजा जाता दिलेली रक्कम छापील किमतीइतकीच भरली. वर्गात मुलांना ॲकरलॉफ शिकविणाऱ्याची ही गत!

कायदे नाहीत असे नाही. छापील किमतीहून अधिक पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत. बाटली थंड करून दिली, ही सबब चालत नाही. मद्यार्कयुक्त पेयांबाबतचे 2018 चे नियम आरोग्यविषयक दावे करू देत नाहीत, आणि 'नशा न आणणारे' अशा अर्थाचे शब्दही अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेल्या बाटलीवर छापू देत नाहीत. पण जे लेबलावर छापता येत नाही, ते दुकानात तोंडाने सर्रास सांगितले जाते.

यात बागायतदाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. वाइनची द्राक्षे लहान, बियांची. ती खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. वेल एकदा लावली की बागायतदार कारखान्याशी बांधला जातो. 2009 च्या सुमारास नारायणगावची ती कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली आणि अनेक शेतकऱ्यांची देणी थकली. त्यामागे ग्राहकांची फसवणूक नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु वाइनची मागणी आटली तर झळ कोणाला लागते, हे तेव्हा दिसले. ऑस्ट्रियात 1985 साली काही लबाडांनी हलकी वाइन भारी भासावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळले. ते उघडकीस येताच त्या देशाची सारी निर्यात कोसळली आणि प्रामाणिक बागायतदारही त्यात भरडले गेले. दक्षिण फ्रान्समधील शेतकऱ्यांना हे फार आधी कळले होते. साखरपाण्याच्या बनावट वाइनने भाव पाडले, तेव्हा 1907 मध्ये ते लाखोंच्या संख्येने मोंपेलिए शहरात उतरले. त्यांची मागणी अनुदानाची नव्हती, भेसळबंदीची होती!

आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. समर्थकांनी त्याचे हित पुढे केले, विरोधकांनी त्याच्या घरातील व्यसनाची भीती. तो निर्णय अमलात आला नाही. बाटलीवर काय लिहिलेले असावे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणीच उपस्थित केला नाही.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर शेतकऱ्याच्या नावाची अक्षरे रंगविलेली असतात, कारण माल सडका निघाला तर कोणाला धरायचे हे व्यापाऱ्याला माहीत हवे असते. वाइनच्या बाटलीवरही द्राक्षे कोणत्या तालुक्यातील, कोणत्या हंगामाची आणि बाहेरून आणलेली वाइन किती टक्के, हे पुढच्या बाजूस ठळक मराठीत असावयास हरकत कोणती? लेबले राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मंजुरीसाठी जातातच. निदान राज्यात भरल्या जाणाऱ्या बाटल्यांपुरती ही अट घालण्याचा विचार या विभागाने येत्या हंगामापूर्वी करावा.