सुरक्षा-प्रत आणि तिची पडताळणी : हिंगोली जिल्ह्यातील जुन्या दप्तरांच्या संदर्भात

संगणकावरील सामग्रीची दुसरी प्रत करून ठेवणे, म्हणजेच रूढ भाषेत बॅकअप घेणे, ही क्रिया दोन भागांची आहे. पहिल्या भागात प्रत लिहिली जाते. दुसऱ्या भागात ती परत वाचून मूळ सामग्री हाती येते. व्यवहारात मात्र पहिल्या भागालाच संपूर्ण क्रिया समजण्याचा प्रघात पडला आहे. ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश पडद्यावर उमटला की अभ्यासक निश्चिंत होतो. वस्तुतः त्या संदेशाचा अर्थ एवढाच की, लेखन चालू असताना यंत्राने तक्रार केली नाही. प्रत वाचता येईल की नाही, हा प्रश्न त्यानंतरही अनिर्णीतच राहतो.

हिंगोली जिल्ह्याच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून विभक्त होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या इत्यादी जुने कागद मोडी, उर्दू अशा लिप्यांत आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ एकमेव प्रतीच्या रूपाने उरले आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा या कागदांच्या स्कॅनचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. जीर्ण वही पुन्हा पुन्हा उलगडता येत नाही. तिचे स्कॅन नष्ट झाले तर दुसऱ्यांदा ते घेण्याइतका कागद शिल्लक असेलच, याची शाश्वती नाही.

आकारमानाचा हिशेब

ए-४ आकाराचे एक पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत स्कॅन केले, तर आकुंचन न करता त्याची फाइल सुमारे २ कोटी ६१ लक्ष बाइटची होते. ७०० एमबीच्या सीडीवर अशी सुमारे २८ पाने मावतात, ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर सुमारे १८०. डीव्हीडीच्या वेष्टनावरील जीबी दशमान पद्धतीने मोजलेला असतो, तर अनेक संगणक १०२४च्या पटीने मोजतात. म्हणून तीच चकती संगणकावर सुमारे ४.३८ इतकीच दिसते. संगणकाने ४.५ दाखविलेला संच एका डीव्हीडीवर मावत नाही, याचे कारण चकतीतील दोष नसून मोजणीतील हा भेद होय.

आता २०० पानांची एक वही घ्यावी. तिची सामग्री सुमारे ५२२ कोटी बाइट भरते. ती एका डीव्हीडीवर मावत नाही. तिचा बॅकअप एकाच अखंड फाइलच्या रूपाने पेनड्राइव्हवर घ्यावयाचा झाल्यास तेथेही अडचण उद्भवते. कारण एफएटी-३२ या मांडणीत एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीहून एक बाइट कमी, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइट एवढीच आहे. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा व रिकामा असूनही ‘जागा अपुरी’ असा संदेश येतो तो यामुळे. फाइलचे तुकडे करणे अथवा पेनड्राइव्हची मांडणी एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करणे, हे त्यावरील उपाय होत. मांडणी बदलताना आतील सर्व सामग्री पुसली जाते, हे ध्यानी ठेवावे.

दोषाचे स्थान

बॅकअप फसला असता दोष चार ठिकाणी संभवतो : माध्यम, यंत्र, मांडणी आणि आज्ञावली. त्याचे स्थान निश्चित करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे एका वेळी एकच घटक बदलणे. तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली, तर संशय पहिल्या ड्राइव्हवर जातो. त्याच ड्राइव्हमध्ये इतर चकत्या वाचल्या जातात व ही एकच वाचली जात नाही, तर संशय चकतीवर जातो. बॅकअपच्या आज्ञावलीवाचून साधी फाइल त्याच पेनड्राइव्हवर नीट उतरते व परत वाचता येते, तर प्रथम मांडणीची मर्यादा व नंतर आज्ञावली तपासावी. चारही घटक एकदम बदलले म्हणजे काम होऊन जाते. पण कारण कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवतो.

माध्यमाविषयी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो व लेसर किरणाने त्यावर खुणा उमटतात. हा थर नावाच्या बाजूला अगदी पृष्ठालगत असल्याने त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो. ऊन व उष्णता या रंगाला मारक आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या चकत्यांवर विसंबणे धोक्याचे होय.

यंत्राच्या बाबतीत, यूएसबीने जोडलेल्या ड्राइव्हला पुरेशी वीज न मिळाल्यास लेखन मध्येच तुटते. अशा वेळी जोडणीची फूटपट्टी वगळून तो थेट संगणकाला जोडून पाहावा. काल ‘ई’ अक्षराने ओळखला गेलेला पेनड्राइव्ह आज ‘एफ’ झाला, तर नियोजित बॅकअपला आपले ठिकाण सापडत नाही; यासाठी त्याला कायमचे अक्षर नेमून द्यावे. डीव्हीडी लिहून झाल्यावर ती बंद करण्याची क्रिया राहून गेल्यास ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली न जाण्याचा संभव असतो.

नावांचा प्रश्न

देवनागरी नावांची अडचण बहुधा लक्षात येत नाही. सीडीच्या मूळ आयएसओ ९६६० मांडणीत केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा चालतात. जोलिएट या विस्तारात देवनागरी चालते, परंतु नावाची मर्यादा ६४ वर्णांची आहे. येथे मात्रा व अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. ‘हिंगोली’ हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र सात वर्ण मोजतो. ‘औंढा नागनाथ’ अकरा वर्णांचे होते. तालुका, गाव, दप्तर, वर्ष असे लांब नाव देऊन पानाचा क्रमांक अखेरीस ठेवला, तर नाव छाटले जाताना नेमका क्रमांकच गळतो. म्हणून क्रमांक आरंभी लिहावा.

पडताळणी

अनेक आज्ञावल्या दर खेपेस केवळ बदललेल्या फाइलींचाच बॅकअप घेतात. अशा साखळीतील एक चकती निकामी झाली की तिच्यानंतरच्या चकत्यांचा उपयोगही संशयास्पद होतो. आज्ञावलीचे आयुष्यही मर्यादित असते. विंडोज एक्सपीतील एनटीबॅकअप सीडीवर थेट लिहू शकत नसे. ती हार्ड डिस्कवर बीकेएफ प्रकारची फाइल करी. विंडोज व्हिस्टात ती आज्ञावली राहिली नाही, आणि जुन्या फाइली उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्टला स्वतंत्र साधन पुरवावे लागले. यावरून मौल्यवान पानांची निदान एक प्रत तरी साध्या, सुट्या फाइलींच्या रूपात असावी, हे स्पष्ट होते.

पडताळणीसाठी लेखनापूर्वीच प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ पद्धतीची ६४ चिन्हांची मुद्रा काढून ठेवावी. लेखनानंतर चकती अथवा पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढून, शक्य तर दुसऱ्या संगणकावर, त्या मुद्रा पुन्हा काढून ताडून पाहाव्यात. अन्यथा संगणक आपल्या स्मरणातील प्रतच वाचून दाखविण्याचा संभव असतो. त्यानंतर रिकाम्या फोल्डरमध्ये संपूर्ण संच परत उतरवून काही पाने प्रत्यक्ष उघडावीत. मुद्रा जुळणे म्हणजे प्रत मुळाबरहुकूम असणे एवढेच. मूळ स्कॅनच अस्पष्ट असेल तर ती उणीव केवळ डोळ्यांनीच कळते.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे व एक प्रत अन्य गावी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला संकेत येथेही ग्राह्य आहे. नव्या संगणकांत बहुधा सीडी-ड्राइव्ह नसतो. म्हणून जुन्या चकत्यांवरील सामग्री, त्या वाचणारी यंत्रे उपलब्ध आहेत तोवरच, हार्ड डिस्कवर उतरवून घेणे इष्ट होय. वहीच्या मुखपृष्ठावर ज्याप्रमाणे तारीख असते, त्याप्रमाणे प्रत्येक प्रतीवर ती शेवटी केव्हा वाचून पाहिली ती तारीख लिहावी. जिच्यावर अशी तारीख नाही, तिला सुरक्षा-प्रत म्हणण्यास अद्याप आधार मिळालेला नाही.